आऊट

हरचरण कुशवाहनं सायकल उलटी केली,
सीट आणि हँडलवर उभी,
आणि मागचं चाक एका बोटानं फिरवलं.
खडू धरला रिमजवळ, हात न हलवता.
चाक फिरत राहिलं, खडूची रेघ
एकाच जागी उमटत गेली, चार बोटं लांब.
“यहाँ से खाया है,” तो म्हणाला.

कुठे खाल्लं ते मला ठाऊक होतं.
दौलतगंजात नळाच्या पाइपासाठी खणलेला चर,
वर नुसती माती लोटलेली.
मागे-पुढे मिळून बावीस डबे, आणि मी घाईत,
कारण कोचिंगची पोरं एक वाजेपर्यंत भुकेली असतात,
एकनंतर रागावलेली.

तारा सोडायच्या, रिम फळीवर ठोकायची,
तारा पुन्हा आवळून आऊट काढायचा: ऐंशी रुपये.
नाहीतर नवी रिम. साडेचारशे. बांधणावळ वेगळी.
“ठोकलेली चालेल?”
“चलने को तो चल जाएगी, दीदी.”
“कब तक?”
त्यानं सुपारी गालात सरकवली
आणि माझ्या कॅरियरकडे पाहिलं,
उत्तर तिथं दोरीनं बांधलेलं असल्यासारखं.

मी ऐंशी दिले.

नऊ दिवस चाक सरळ.
दहाव्या दिवशी ब्रेकचं रबर बोलायला लागलं,
खस्स. मग गप्प. मग खस्स.
दर फेऱ्याला एकदा.
मी कानाडोळा केला; महिनाअखेर होती.
महिना उलटला, मग दुसरा,
मग त्या आवाजाच्या तालावर मी पायडल मारायला लागले.

आमटीला मात्र ताल जमला नाही.
झाकणाच्या कडेनं ती पिशवीत आली,
पिशवीतून कॅरियरवर, कॅरियरवरून माझ्या पोटरीवर, गरम.
एका पोरानं डबा उघडून विचारलं,
“काकू, आज डाळ सुकी आहे?”

रात्री वहीच्या मागच्या पानावर:
साडेचारशे म्हणजे साडेसात डबे.
साडेचारशे भागिले ऐंशी,
पाच वेळा ठोकून घेता येईल, वर पन्नास उरतील.
पाच वेळा ठोकलेल्या रिमवर बसणार कोण?
मीच. बावीस डबे घेऊन.
वही मिटली.

“हब यही रहने दो,” हरचरण म्हणाला,
“ऐसा माल अब नहीं आता.”
चाळीस तारांपैकी अकरा त्यानं बाजूला टाकल्या,
बाकीच्या पुसून पुन्हा ओवल्या.
मला वाटलं होतं, तो खूश होईल साडेचारशे घेताना.
तो जुन्या रिमवर बोट फिरवत होता,
जिथं त्यानं ठोकलं होतं तिथं.
“मेरा हाथ ठीक था,” म्हणाला. “लोहा नहीं माना.”

चाक फिरलं. खडू कोरडा राहिला.

नया बाजारातून मी अशी गेले
की सायकल आहे की नाही, कळेना.
एक म्हातारं कुत्रं, रोज मागे लागणारं,
मान वर करून बघत राहिलं आणि पुन्हा झोपलं.

चिटणीस की गोठमध्ये कारखानीस राहतात, एकटे,
दोन्ही डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार.
मी पोचायच्या आधीच त्यांची कडी निघालेली असते.
मला वाटायचं, माणूस वेळेचा पक्का आहे.

आज दार बंद.
कडी वाजवली. हाक मारली. पुन्हा वाजवली.
पोटात गोळा आला.
शेजारच्या बाईला बोलवावं म्हणून वळले,
तर आतून चपला फरफटल्या.
“कोण?”
“डबा.”
“डबा खस्स खस्स करत येतो,” ते म्हणाले. “तू कोण?”

कडी निघेपर्यंत मला सगळं सांगावं लागलं,
चर, ऐंशी रुपये, आमटी, पोटरी, साडेचारशे.
त्यांनी डबा घेतला, वरचं झाकण चाचपलं.
“बरं झालं,” म्हणाले.
मग जरा थांबून, “पण विचारायचं होतंस.”

परतताना दुकानासमोर पाय टेकला.
जुनी रिम खिळ्यावर टांगलेली,
तिच्यावरची खडूची रेघ तशीच.
“घंटी कितने की?”
“नब्बे की. एक बीस वाली भी है,
पर वो बजती कम है, खड़खड़ाती ज़्यादा है.”

बीस वाली घेतली.